कुलूप बिघडलं, पण कुठे?

गाड्यांचा इतिहास म्हटला की सगळे इंजिनावर बोलतात. हॉर्सपॉवर किती, टर्बो कधी आला, मायलेज किती... दाराच्या कुलपाला कोणी विचारत नाही. बरोबरच आहे म्हणा, कुलूप चालतंय तोवर त्याची आठवण कोणाला येते? पण गेल्या शंभर वर्षांत गाडी कशी बदलत गेली हे बघायला मला तरी कुलपाइतकी सोयीची जागा दिसत नाही. कारण त्याचं काम अजिबात बदललेलं नाही. एक खटका, खाली किंवा वर. बस्स. बदलत गेला तो हातापासून खटक्यापर्यंतचा रस्ता. आणि रस्ता बदलला की दोष लपायची जागाही बदलते.

तर आज हा इतिहास दोषाच्या बाजूने सांगतो. म्हणजे कुठल्या काळात कुलूप बिघडलं की माणूस ते नेमकं कुठे शोधायचा. मधे थोडं ओहमचं गणित येईल, पण बारावीच्या फिजिक्सच्या पुढचं काही नाही.

सुरुवात लोखंडापासून. अँबॅसेडर आणि फियाट (म्हणजे नंतरची प्रीमियर पद्मिनी) हा आपल्याकडचा तीस-चाळीस वर्षांचा काळ. दाराच्या पॅडमागे एक सळी, एक स्प्रिंग, एक क्लिप. तीन दारं आतून हाताने लावायची आणि चौथं बाहेरून चावीने. कुलूप अडकलं तर कारण डोळ्यांना दिसायचं: सळी क्लिपमधून निसटलीय, स्प्रिंग तुटलीय, नाहीतर गंज चढलाय. पॅड काढा, बघा, ग्रीस लावा, पॅड बसवा. इथे दोष आणि माणूस यांच्यात फक्त एक पुठ्ठा होता.

गंमत म्हणजे तोवर विजेचं कुलूप जगात येऊन गेलेलंसुद्धा होतं. डेट्रॉइटच्या स्क्रिप्स-बूथ कंपनीने १९१४ साली गाडीला विजेवर चालणारं दाराचं कुलूप दिलं. कल्पना टिकली नाही. पुढे १९५६ मध्ये पॅकार्डने ती परत आणली आणि मग हळूहळू अमेरिकेतल्या महागड्या गाड्यांत ती रुळली.

जर्मनांनी मधला एक वेगळाच रस्ता काढला, हवेचा. मर्सिडीजची डब्ल्यू-१२३ ही गाडी १९७६ साली आली. तिच्या सेंट्रल लॉकमध्ये दारापर्यंत वायरऐवजी बारीक नळ्या जात. इंजिनाच्या बाजूने निर्वात दाब घ्यायचा, तो एका टाकीत साठवायचा, आणि चावी फिरली की त्या दाबाने प्रत्येक दारातला रबरी पडदा खेचला जायचा. पुण्यात १९९५ पासून जुळणी होऊ लागलेल्या पहिल्या मर्सिडीज (डब्ल्यू-१२४) याच घराण्यातल्या, फक्त त्यांच्यात कुलपासाठी वेगळा विजेचा पंप होता. या सिस्टिममध्ये एका दाराचा पडदा फाटला की तिथून दाब गळतो आणि चारही कुलपं मरगळतात. मग दोषी दार ओळखायचं कसं? एक फांदी बंद करायची आणि बघायचं. बाकीची कुलपं जोरात चालली तर गळती त्या फांदीत. नाही चालली तर दुसरी फांदी बंद करायची.

कोड लिहिणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. शंभर कमिटमधला कुठला कमिट वाईट आहे हे शोधताना आपण पन्नासाव्याला जाऊन बघतो, मग पंचविसाव्याला किंवा पंचाहत्तराव्याला. ही युक्ती काँप्युटरपेक्षा खूप जुनी आहे. अकोला-बडनेरामार्गे रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली, तिच्या सोबतीने तारेचे खांब आले. तार तुटली तर शेकडो किलोमीटर चालत जाऊन बघणं कसं परवडणार? म्हणून मधल्या स्टेशनवर तार तपासायची. तिथपर्यंत सिग्नल येतोय? मग दोष पुढे. येत नाही? मग मागे. उरलेल्या तुकड्याचे परत दोन भाग. गाडीच्या दारात तारेची लांबी मीटरमध्ये मोजायची असते, एवढाच फरक.

हां, तर आता वायरचा काळ. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि मध्यमवर्गाच्या दारात गाडी दिसू लागली. सुरुवातीच्या मारुतीत कुलपं हातानेच लावायची. उदारीकरणानंतर आलेल्या सिएलोसारख्या (१९९५) गाड्यांनी सेंट्रल लॉक म्हणजे काय ते आपल्याला दाखवलं, आणि मग ज्यांच्या गाडीत ते नव्हतं त्यांनी बाहेरून बसवून घ्यायला सुरुवात केली. गावोगावच्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानांत हे किट मिळू लागलं. आत चार छोट्या मोटरी, एक कंट्रोल डबी आणि वायरचं भेंडोळं.

या किटची रचना समजली की अर्धे दोष घरबसल्या ओळखता येतात. तीन दारांच्या मोटरीला दोन-दोन वायरी. करंट एका दिशेने सोडला की खटका खाली, उलट्या दिशेने सोडला की वर. ड्रायव्हरच्या दारातल्या मोटरीला मात्र पाच वायरी. दोन मोटरीच्या आणि तीन आतल्या स्विचच्या. हा स्विच डबीला सांगतो की ड्रायव्हरचा खटका आत्ता वर आहे की खाली, आणि त्यावरून डबी बाकीच्यांना हुकूम सोडते. आता लक्षणं बघा. चारही दारं ढिम्म असतील तर फ्यूज, अर्थ किंवा डबीचा मेन सप्लाय. एकच दार गप्प असेल तर त्या दाराची वायर किंवा मोटर. रिमोटने चारही चालतात पण चावी फिरवल्यावर ड्रायव्हरचं एकटंच चालतं, तर त्या तीन वायरी किंवा स्विच. आणि लॉक होऊन लगेच आपोआप उघडतंय, तर बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या दारातला खटका पूर्ण खाली जात नाही आणि स्विच डबीला ‘अजून उघडंच आहे’ असं सांगत बसतो.

यातला सगळ्यात छळणारा दोष म्हणजे कधी चालतं, कधी नाही. त्याचं नेहमीचं घर म्हणजे दार आणि बॉडीच्या मधली रबरी नळी, बिजागरीपाशी. दार दिवसातून दहा वेळा उघडलं तरी वर्षाला साडेतीन हजारांवर वेळा ती वायर वाकते. त्यात वऱ्हाडातलं ऊन. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जाणं ही आपल्याकडे बातमीही नसते. त्या उन्हात वर्षानुवर्षं तापून वायरचं प्लॅस्टिक कडक होतं आणि आतले तांब्याचे केस एकेक करून तुटत जातात. वरून धक्के. अमरावती-अकोला रस्त्याची एक लेन लोणी ते माना अशी ७५ किलोमीटर, १०५ तास ३३ मिनिटांत अखंड डांबरून जून २०२२ मध्ये गिनीज रेकॉर्ड झालं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याआधी कित्येक वर्षं तो रस्ता कसा होता हेही वऱ्हाडातल्या प्रत्येकाला माहीत आहे. :)

आमच्या बाबांची गाडी २००४ ची. त्याच रस्त्यावर वाढलेली म्हणा ना. मागच्या दिवाळीत डाव्या दाराचं लॉक असंच लहरीवर चालायला लागलं. मी मल्टिमीटर लावला तर मोटरीच्या कपलरवर व्यवस्थित १२ व्होल्ट. म्हणजे मोटर गेली, हे सरळ उत्तर. अकोल्यातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे गाडी नेली. त्यांच्याकडे मीटर होता, पण त्यांनी खिशातून काढला तो होल्डरमध्ये बसवलेला इंडिकेटरचा बल्ब आणि त्याला दोन वायरी. त्याच कपलरला लावून लॉकचं बटण दाबलं. बल्ब लुकलुकला तो पिवळट, मरतुकडा. दुसऱ्या दारावर तोच बल्ब चांगला झगझगीत. काका म्हणाले, "मीटर खोटं नाही बोलत भाऊ. पन त्याले काई वजन उचला लागत नाही. बल्बाले उचला लागते."

या दोन वाक्यांत सगळं आहे. जरा आकडे घालून बघू. समजा मोटरीचा रेझिस्टन्स ३ ओहम आहे. चांगल्या वायरीतून तिला १२ व्होल्ट मिळाले की ४ अँपिअर करंट वाहतो आणि खटका ठणकन पडतो. आता वायरीतला एखादाच केस जेमतेम टेकलेला उरलाय आणि तिथे ३ ओहमचा अडथळा झालाय. मोटरीचे ३ आणि अडथळ्याचे ३, म्हणजे व्होल्टेज निम्मं वाटलं जाणार. मोटरीला मिळतात ६ व्होल्ट, तेवढ्यात ती नुसती कण्हते. पण मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स असतो साधारण १ कोटी ओहम. १ कोटीपुढे ३ म्हणजे काहीच नाही, म्हणून मीटर ऐटीत १२ दाखवतो. २१ वॅटचा बल्ब मात्र पावणेदोन अँपिअर मागतो. तुटकी वायर तेवढे देऊ शकत नाही आणि बल्ब लगेच चुगली करतो. जॉर्ज ओहमने हा नियम १८२७ साली छापला. काकांनी त्याचं नाव न घेता तो रोज वापरलाय.

पुढे काकांनी दार हळूहळू उघडझाप केलं. एका विशिष्ट कोनात बल्ब पूर्ण उजळला, जरा पुढे गेलं की विझला. रबरी नळी मागे सारली तर निळी वायर आतून तुटलेली, वरून धडधाकट. नवा तुकडा सोल्डर केला, स्लीव्ह चढवली. मोटर जुनीच राहिली. सर्व्हर रिकामा असताना सगळे हेल्थ चेक हिरवे असतात आणि खरा ट्रॅफिक आला की सिस्टिम बसते, हे ऑफिसात बघितलेल्यांना काकांचा बल्ब लगेच कळेल.

वायरनंतरचा काळ आकड्यांचा. रेनॉ कंपनीच्या फ्युएगो गाडीला १९८२ मध्ये रिमोटवर चालणारं सेंट्रल लॉक मिळालं. पॉल लिपशुट्झ या माणसाची ती कल्पना, म्हणून फ्रान्समध्ये रिमोटला ‘प्लिप’ म्हणू लागले. पण रिमोट दर वेळी एकच कोड पाठवत असेल तर चोर तो रेकॉर्ड करून परत वाजवणार. त्यावर उपाय म्हणजे दर दाबाला बदलणारा कोड. दक्षिण आफ्रिकेतल्या नॅनोटेक कंपनीत १९८० च्या दशकात तयार झालेली की-लॉक पद्धत मायक्रोचिपने १९९५ मध्ये विकत घेतली आणि ती जगभरच्या रिमोटमध्ये गेली. २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या संशोधकांनी ती फोडूनही दाखवली.

या काळातला दोष दिसतही नाही आणि बल्बालाही सापडत नाही. रिमोट आणि गाडी दोघांकडे एक मोजणी चालू असते. आता गाडी आहे अकोल्यात आणि रिमोट गेला आत्याकडे अमरावतीला, राजापेठेत. तिथे एखाद्या चिल्ल्यापिल्ल्याने तो खेळणं म्हणून दाबला. की-लॉकमध्ये मोजणी १६ पेक्षा जास्त पुढे गेली की गाडी एका दाबाला ओळखच देत नाही. लागोपाठ दोनदा दाबलं की परत जुळतं. इथे तुटलेलं काहीच नाही, फक्त दोघांचे आकडे जुळत नाहीत. आणि नव्या गाड्यांत तर बटणापासून मोटरीपर्यंत थेट वायरच नसते. बॉशने १९८६ मध्ये जाहीर केलेल्या कॅन बसवरून निरोप जातो आणि मधला काँप्युटर ठरवतो की ऐकायचं का नाही. तिथे अर्धं-अर्धं करायची रीत तीच आहे, पण काकांच्या बल्बाऐवजी स्कॅनर लागतो.

आता तो गंभीर मुद्दा. लोखंडाच्या काळात कुलूप बिघडलं तर दार उघडायला ताकद लागायची. आकड्यांच्या काळात परवानगी लागते. मे २००३ मध्ये बँकॉकला थायलंडचे तेव्हाचे अर्थमंत्री आपल्या बीएमडब्ल्यूत अडकले. काँप्युटर बंद पडला, दारं उघडेनात, काचा उतरेनात, एसी बंद. शेवटी काच फोडून त्यांना बाहेर काढलं. मंत्र्यांच्या बाहेर माणसं उभी होती म्हणून निभावलं.

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात उन्हात उभ्या बंद गाडीच्या आतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढलेलं आढळलं. त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातली. अकोल्याच्या ४५ शी ते जोडून बघायला लेखणी लागत नाही. जून २०२३ मध्ये नागपुरात उभ्या गाडीत अडकून तीन लहान मुलं गेली. तिथे सेंट्रल लॉक बिघडलं होतं असं मी म्हणत नाहीये. आपल्या उन्हात आतून दार न उघडणं याचा अर्थ काय होतो, एवढंच त्यातून कळावं.

म्हणूनच या सगळ्या इतिहासातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी तारीख १ जुलै २०१९ आहे. त्या दिवसापासून भारतात बनणाऱ्या कारमध्ये सेंट्रल लॉक वीज नसतानाही हाताने उघडता आलं पाहिजे, हा नियम लागू झाला. एअरबॅग आणि स्पीड अलार्मच्या गाजावाजात तो कोणाच्या लक्षातही आला नाही. शंभर वर्षांच्या प्रवासानंतर कायद्याने परत काय मागितलं? तर ती जुनी सळी.

पण आपल्या रस्त्यांवर त्याआधीच्या गाड्या भरपूर आहेत, आणि बाहेरून बसवलेल्या किटची सळी प्रत्येक दारात नीट जोडलेली असतेच असं नाही. तेव्हा गाडी जुनी असेल तर पाच मिनिटं काढा. काचा खाली करा, आत बसा, रिमोटने लॉक करा, सेंट्रल लॉकचा फ्यूज काढा आणि चारही दारं आतून हाताने उघडतात का बघा. मागच्या दारांचं चाइल्ड लॉक तेवढ्यापुरतं काढून ठेवा, नाहीतर निकाल चुकेल. एखादं दार अडलं तर फ्यूज परत लावून तसंच पुढे ढकलू नका, पॅड उघडून घ्या. घरात लहान मुलं असतील तर हातानेच खटका कसा वर करायचा ते त्यांनाही एकदा करायला लावा.