व्हर्साय : आरसेमहाल आणि रिकामा खजिना

पहिले महायुद्ध शिकवताना आम्ही फळ्यावर 'व्हर्सायचा तह, २८ जून १९१९' असे लिहितो आणि पुढे जातो. मुले तारीख पाठ करतात. परंतु पॅरिसजवळच्या या शहराची कहाणी एका ओळीत मावणारी नाही.

१६२३ मध्ये तेराव्या लुईने येथे शिकारीसाठी लहानसे घर बांधले. चौदाव्या लुईने त्याचा विशाल राजवाडा केला आणि ६ मे १६८२ रोजी दरबार व राज्यकारभार येथे हलवला. सरदारांनी दूर राहून बंडाळी करू नये, नजरेसमोर राहावे, हा त्यामागचा हेतू. राजाचे उठणे, जेवणे, झोपणे हेही दरबारी सोहळे झाले. आरसेमहालात ३५७ आरसे बसवले. कारंज्यांसाठी सीन नदीचे पाणी १४ प्रचंड चाकांनी वर चढवले, तरी ते पुरेना. मग राजा जवळ आला की कारंजे सुरू करायचे आणि तो पुढे गेला की बंद, अशी तोड निघाली. राजाला मात्र सगळीकडे पाणीच पाणी दिसे!

या इतिहासातले एक पान आपल्या जवळचे आहे. १० ऑगस्ट १७८८ रोजी टिपू सुलतानचे वकील मुहम्मद दरवेश खान, अकबर अली खान आणि मुहम्मद उस्मान खान येथे सोळाव्या लुईपुढे उभे राहिले. इंग्रजांविरुद्ध त्यांना लष्करी मदत हवी होती. मानमरातब भरपूर झाला, फौज मात्र मिळाली नाही. मिळणार तरी कशी? सहाच दिवसांनी फ्रान्सच्या खजिन्याने देणी देणे थांबवले. ज्या तख्ताकडे म्हैसूर आशेने पाहत होते, तेच डळमळीत झाले होते.

५ ऑक्टोबर १७८९ रोजी पॅरिसच्या बायका भाकरीसाठी पायी व्हर्सायवर चालून आल्या. दुसऱ्या दिवशी राजाला त्यांच्यासोबत पॅरिसला जावे लागले, तो पुन्हा इथे परतला नाही. १० वर्षांनी, ४ मे १७९९ रोजी, श्रीरंगपट्टणच्या लढाईत टिपू शहीद झाला.

याच आरसेमहालात १८ जानेवारी १८७१ रोजी जर्मन साम्राज्याची घोषणा झाली आणि १९१९ मध्ये पराभूत जर्मनीला तिथेच सही करावी लागली. भारताच्या वतीने सही केली ती ब्रिटिश भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी. युद्धात हजारो हिंदी शिपाई मेले, पण त्यांच्या देशाला स्वराज्य मिळाले नाही.

व्हर्सायच्या आरशांत राजांना आपलाच चेहरा दिसत राहिला. रियायाचा दिसला तो फार उशिरा. म्हणून फळ्यावरच्या तारखेपाशी आता आम्ही थोडे अधिक थांबतो.