शून्यानंतरचा पॉज

मुंबईच्या फोर्टातल्या एका कचेरीत मी टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले. बाहेरची लाइन हवी असली की शून्य दाबायचं, कानात डायल टोन आला की मगच पुढचा नंबर. बोटांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं की मधे आपण थांबतो, हे मला कधी जाणवलंच नाही. नव्वदीच्या मध्यावर कचेरीत निरोप साठवणारं व्हॉइसमेल मशीन बसलं आणि ते थांबणं मशीनला शिकवायची पाळी माझ्यावर आली.

रात्री कुणाच्या पेटीत निरोप पडला, की मशीनने त्यांच्या घरी फोन लावायचा, एवढंच काम. मी शून्य आणि पुढचे सात आकडे भरले. फोन लागेना! मशीन शून्यापाठोपाठ नंबर सोडायचं, एक्स्चेंजचा टोन येण्याआधीच पहिला आकडा वाया जायचा आणि उरलेल्या सहांवर लाइन ताटकळायची. कलकत्त्याहून आलेला एक तातडीचा निरोप साहेबांना तिसऱ्या दिवशी मिळाला. चूक माझी होती. शून्यानंतर दोन सेकंदांचा पॉज घातला आणि फोन लागला. मशीनच्या नोंदींच्या माझ्या वहीत त्या जागी मी पॉजची खूण म्हणून लाल शाईने स्वल्पविराम काढला.

ऑपरेटरविना फोन जोडायची धडपड जुनी. अमेरिकेत अल्मन स्ट्रोजरच्या स्विचला १८९१ साली पेटंट मिळालं. पुढे तबकडीचा फोन आला. त्यात आकडा म्हणजे ठोके: एकाला एक, शून्याला दहा. १९६३च्या नोव्हेंबरात बेल कंपनीने बटणांचा टोन फोन बाजारात आणला. त्यात प्रत्येक बटणाला दोन सूर, पाचाला ७७० आणि १३३६ हर्ट्झ. ठोके आपल्या एक्स्चेंजपाशी संपतात. सूर मात्र आवाजाबरोबर पलीकडच्या कानापर्यंत जातात. गॉर्डन मॅथ्यूज यांना १९८३ साली ज्याचं पेटंट मिळालं, ते व्हॉइसमेल या सुरांवरच चालतं.

हा फरक मला आमच्या हिशेबनिसांमुळे कळला. गिरगावात त्यांच्या घरी तबकडीचा काळा फोन. मशीन पिन मागायचं, ते बिचारे तबकडी फिरवत राहायचे, मशीनला काहीच उमगायचं नाही. शेवटी त्यांचा नंबर मी यादीतून काढला आणि त्यांचे निरोप रोज सकाळी स्वतः फोन करून सांगू लागले.

मुंबईचे नंबर आठ आकडी झाले तेव्हा सगळ्या नोंदी त्या वहीवरूनच पुन्हा भरल्या. तुमच्या कचेरीच्या कपाटात ऑपरेटरची अशी वही असेल, तर ती रद्दीत घालू नका.