उलटा आटा

माझे वडील बैलगाडीवाले. चाक कुरकुरलं की गाडीला टांगलेल्या नळ्यातून बोटभर वंगण काढायचे, आसाला लावायचे आणि म्हणायचे, "कुरकुर ऐकली की वंगण. दुसरं औषध नाही." ही शिकवण मी पुढं जीपलाही लावली. पहिल्या जीपला ती लागू पडली, दुसऱ्या जीपला तिनं घात केला. दोन्ही वेळा मला वाट दाखवली ती रेल्वेतून रिटायर झालेल्या एका फिटरनं. आम्ही त्यांना मिस्त्रीच म्हणायचो.

आमच्या इगतपुरीत लोखंडाची विद्या आगगाडीबरोबर आली. 1865 साली जी.आय.पी. रेल्वे थळ घाट चढून इथं पोहोचली. चढ असा, की 37 फूट पुढं जावं तेव्हा एक फूट वर. म्हणून कसाऱ्याहून वर येणाऱ्या गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावायची. इंजिनं आली तशी शेड आली, शेडबरोबर फिटर, टर्नर, लोहार आले. शेतकऱ्याचा पंप अडो नाहीतर घोटीच्या भातगिरणीचा शाफ्ट तुटो, माणूस आधी रेल्वेच्या चाळीकडं निघायचा.

जीप त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. ती गाडी लढाईची. पण चिखल, दगड, ओढा काही म्हणत नाही, हे साऱ्या जगानं पाहिलं. आपल्याकडं 1945 साली पोलादाच्या व्यापारासाठी निघालेल्या महिंद्रा कंपनीनं 1947 पासून मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. पुढं तर त्याच कंपनीचा इंजिनांचा कारखाना आमच्या इगतपुरीत आला. पण माझी पहिली जीप त्याच्याशी संबंध नसलेली, जुनी, उंच बॉनेटची. चुलत्यानं सरकारी लिलावात घेतलेली. दोन वर्षं ती आंब्याखाली उभी होती. ऐंशीच्या दशकात मी ती चालती केली.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. जुन्या जीपला प्रत्येक चाकापाशी पाटे असतात, लोखंडी पट्ट्या एकावर एक बांधलेल्या. चाक खड्ड्यात गेलं की पाटा सरळ होतो, आणि सरळ झाला की लांब होतो. म्हणून त्याचं एक टोक चासीला पिनेनं धरलेलं आणि दुसरं झुलत्या कडीला, तिला शॅकल म्हणतात. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून या सांध्यांत बुश बसवतात. गाडीतला हा सगळ्यात स्वस्त तुकडा असावा. पण तो झिजला की गाडी डोलते, स्टेअरिंग हातात राहत नाही.

माझ्या त्या जीपच्या शॅकलचे बुश आट्यांचे होते, म्हणजे नटासारखे फिरवून बसवायचे. बाकीचे निघाले, दोन काही केल्या निघेनात. पान्याला चार फुटी पाइप लावला, त्यावर उभा राहिलो, तरी नाही. शेवटी मिस्त्रींकडं गेलो. ते आले, खाली सरपटले, बुशच्या डोक्यावरून बोट फिरवलं आणि हसले. "हात लावून बघ." डोक्यावर मसुराएवढा उंचवटा होता. "ही खूण आहे. याचा आटा उलटा. तू सोडवतोयस असं वाटतंय तुला, पण आवळतोयस." मग उलट्या बाजूनं जरा झटका दिला अन् बुश फिरला.

पैसे त्यांनी घेतले नाहीत. दिवाळीनंतर मी पायलीभर नवा तांदूळ नेऊन दिला, तेवढा घेतला. जाताना बजावलं, "या जीपला ग्रीस कमी पडू देऊ नको." मला वडिलांचीच आठवण झाली.

नव्वदच्या दशकात ती जीप विकून मी दुसरी घेतली, डिझेलची. हिच्या पाट्यांना रबरी बुश होते. दुसऱ्याच पावसाळ्याच्या तोंडावर ती कुरकुरायला लागली. मी काय केलं असेल? बोटभर ग्रीस घेऊन प्रत्येक सांध्यात भरलं. वर जुनं इंजिन ऑइलही सोडलं. कुरकुर थांबली. आपल्याला कळतं असं वाटून मी मिस्त्रींकडं फिरकलोही नाही.

आषाढात आवणी चालू होती. रात्री वैतरणेच्या बाजूच्या एका पाड्यावरून माणूस पळत आला. बाईला कळा सुटलेल्या, दुसरं वाहन नाही. मी जीप काढली. पाऊस असा की वायपर असून नसल्यासारखे. एका मोरीपाशी वळणावर स्टेअरिंग फिरवलं तर गाडीचा पुढचा भाग वळला आणि मागचा जणू आपल्याच मनानं बाजूला सरकला. मागचं चाक मोरीच्या कडेवर गेलं. खाली ओढा फुगलेला. मागं बाई कण्हत होती, तिची सासू देवाचं नाव घेत होती. मी ब्रेक मारला नाही, हळूच पुढं ओढली. कशी निघाली ते आजही सांगता येत नाही. पुढं घोटीपर्यंत दहाच्या वेगानं गेलो. बाळ सुखरूप झालं, मुलगी.

सकाळी जीपखाली बघितलं. मागचे बुश फुगून मऊ झाले होते, बोटानं तुकडे निघत होते. रबराला तेल, ग्रीस चालत नाही हे मला ठाऊकच नव्हतं.

त्या दिवशी मिस्त्रींच्या दारात उभं राहायला फार जड गेलं. सगळं सांगितलं, मोरीसकट. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "कळत नव्हतं हा गुन्हा नाही. विचारलं नाहीस, हा आहे."

दोन दिवस लागले. जॅकवर गाडी उचलून चासीखाली लाकडी ठोकळे दिले. यू-बोल्ट सोडले, पाटे उतरवले. प्रेस नव्हता. मिस्त्रींनी एक लांब बोल्ट, पाइपचा तुकडा, जाड वायसर आणि नट घेतला. नट आवळत गेलं की जुना बुश पाइपात ओढला जायचा. हातोड्याचा एक घाव नाही. पाट्याचं भोक पॉलिश पेपरनं साफ केलं. नवे बुश साबणाच्या पाण्यात बुडवून तशाच बोल्टनं आत घेतले.

मी शेवटचे नट आवळायला गेलो तर त्यांनी पाना धरला. "आधी चाकावर उभी कर." गाडी खाली उतरवली, मागं-पुढं ढकलली, चार माणसं बसवून हलवली, मग नट आवळले. कारण समजावलं. अधांतरी गाडीचे पाटे लोंबतात. तसेच आवळले तर रबर त्याच स्थितीत धरलं जातं. मग गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आट्याच्या बुशात लोखंड लोखंडावर फिरतं, म्हणून त्याला वंगण हवं. रबर फिरत नाही, ते स्वतः पिळ खातं आणि सोडतं. त्याला कोरडंच ठेवायचं.

वडिलांचं खोटं नव्हतं. ते आसाबद्दल बोलत होते, मी ते रबराला लावलं.

मिस्त्री जाऊन बरीच वर्षं झाली. आता पावसाळ्यात मुंबई-नाशिकची पोरं आमच्या चिखलात हौसेनं गाड्या घालतात. गेल्या श्रावणात दोघं माझ्या अंगणात पाटे बदलत होते, फोनमध्ये बघून बघून. एकाला काय वाटलं कोण जाणे, पाना हातात धरून त्यानं विचारलं, "काका, आवळू का?"

मी ओट्यावरून उठलो. म्हटलं, "थांब बाळा. आधी चाकावर उभी कर."