शेतकऱ्याच्या मुलाचे पेटंट

आयर्लंडातील डाउन परगण्यात एका शेतकऱ्याच्या घरी १८८४ साली हॅरी फर्ग्युसन यांचा जन्म झाला. त्या काळी ट्रॅक्टरमागे ओढलेला नांगर दगडाला अडला, की ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालकाच्या अंगावर उलटे. नांगर व ट्रॅक्टर एकजीव करणारी जोडणी काढून फर्ग्युसन यांनी १९२६ साली तिचे ब्रिटिश पेटंट मिळविले. १९३८ साली हेन्री फोर्ड यांच्याशी त्यांचा करार झाला, तो केवळ हस्तांदोलनाने! फोर्ड यांच्या नातवाच्या कारकीर्दीत, १९४७ साली, तो संपुष्टात आला. मात्र पेटंटे हाती होती; म्हणूनच न्यायालयीन लढ्यानंतर १९५२ साली तडजोडीत फर्ग्युसन यांना साडेब्याण्णव लाख डॉलर मिळाले. आपल्या ज्ञातीतील कारागीर तरुणांनीही आपली युक्ती वेळीच नोंदवावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.