चूक एकीची, मेहनत सगळ्यांची

बऱ्याच गटांतून आम्हाला विचारणा होते, "आमच्या ओव्या, भजनं घरीच रेकॉर्ड करायची आहेत. कोणतं यंत्र घ्यावं?" या यंत्राचा इतिहास ऐकलात, तर निवड सोपी होईल.

अमेरिकेत लेस पॉल हा गिटारवादक आणि त्याची बायको मेरी फोर्ड घरातच गाणी रेकॉर्ड करायचे. मेरी आधी एक आवाज गायची. मग तो ऐकत ऐकत त्यावर दुसरा चढवायची, मग तिसरा. १९५१ साली त्यांचं 'हाऊ हाय द मून' हे गाणं तिकडे पहिल्या क्रमांकावर गेलं. ऐकणाऱ्याला वाटे, तीन-चार बायका गाताहेत. गात होती एकटी मेरी!

पण यात एक जाच होता. नवा आवाज जुन्यात मिसळूनच टेपवर उतरायचा. शेवटच्या फेरीत चूक झाली, की आधीची सगळी मेहनत पाण्यात.

१९५७ साली ॲम्पेक्स कंपनीने लेस पॉलला आठ ट्रॅकचं यंत्र दिलं. ट्रॅक म्हणजे टेपवरचा वेगळा पट्टा, शेतातल्या वाफ्यासारखा. एका वाफ्यातलं तण काढलं तरी शेजारच्या वाफ्याला धक्का लागत नाही. पण ते यंत्र कपाटाएवढं आणि किंमत दहा हजार डॉलर.

१९७९ साली जपानच्या टीॲक कंपनीचा पोर्टास्टुडिओ आला. साधी कॅसेट, चार ट्रॅक, टेबलावर मावणारा. ब्रूस स्प्रिंगस्टीन या गायकाने त्यावर घरी गाणी रेकॉर्ड केली. पुढे स्टुडिओत वादकांसह ती पुन्हा करून पाहिली, पण १९८२च्या 'नेब्रास्का' अल्बममध्ये घरचीच गाणी घेतली.

आताची यंत्रं मेमरी कार्डावर चालतात. पण खोक्यावर 'आठ ट्रॅक' वाचून लगेच पैसे मोजू नका. दुकानदाराला विचारा, "एका वेळी किती माइक रेकॉर्ड होतात?" काही आठ ट्रॅकच्या यंत्रांत एका वेळी दोनच होतात. मेरीसारखं एकेक आवाज चढवायचा तर तेवढे पुरतात. भजनी मंडळ मात्र पेटी, ढोलकी, टाळांसह एकदम गातं. तिथे निदान चार हवेत. वीज गेली तर बॅटरीवर चालतं का, तेही पाहा.

गावातली म्हातारी आजी जुनी ओवी पुन्हा गाईलच, असं नाही. तिचा आवाज स्वतःच्या ट्रॅकवर राहू द्या. मागे साथ देणाऱ्या आपण चुकलो, तर आपलंच पुसून पुन्हा गाऊ.