पृष्ठाचे दोन वाचक : ‘सेव्हन्टीन’ मासिकाची मांडणी (1944–1950)

नियतकालिकात प्रथम प्रसिद्ध झालेल्या साहित्याचा विचार करताना समीक्षा सामान्यतः संहिता तेवढी उचलते आणि पृष्ठ मागे ठेवते. मजकुराचा टंक, त्यालगतचे चित्र, शेजारच्या स्तंभातील जाहिरात, ‘उर्वरित मजकूर अमुक पानावर’ ही सूचना, या बाबी मुद्रकाच्या अखत्यारीतील समजल्या जातात. जेरार झनेत यांनी 1987 मध्ये संहितेच्या ‘उंबरठ्यां’ची तपशीलवार चिकित्सा केली खरी, परंतु त्यांचे लक्ष मुख्यतः ग्रंथावर होते. मासिकाचे पान ग्रंथाच्या पानाहून पुष्कळच गजबजलेले असते. कुमारवयीनांच्या मासिकाच्या बाबतीत प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. कारण तेथे वाचकवर्ग आधीच सिद्ध असतो असे नाही. तो कोण आणि त्याने कसे वाचावे, हे बऱ्याच अंशी पृष्ठरचनाच ठरवीत असते. अमेरिकेतील ‘सेव्हन्टीन’ या मासिकाची आरंभीची सहा वर्षे या दृष्टीने तपासण्याजोगी आहेत.

‘सेव्हन्टीन’चा पहिला अंक महायुद्ध चालू असतानाच, सप्टेंबर 1944 मध्ये निघाला. वॉल्टर ॲनेनबर्ग यांची ट्रँगल पब्लिकेशन्स ही प्रकाशनसंस्था आणि हेलन व्हॅलेंटाइन या संपादक. व्हॅलेंटाइन यांनी पूर्वी ‘मादमोझेल’ मासिकाच्या प्रसिद्धीचे काम पाहिले होते, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या संदर्भात ध्यानात ठेवावी लागते. पहिल्या अंकाच्या चार लाख प्रती अल्पावधीत संपल्या; 1947 च्या प्रारंभी खपाने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. पहिल्या अंकातील विभागांची नावेच बोलकी होती : तुमचा पेहराव, तुम्हाला काय वाटते, तुमचे मन. शीर्षकांतून वाचक मुलीला थेट संबोधन होते. (इंग्रजीतील हे संबोधन ‘तू’ आहे की ‘तुम्ही’, हे मराठी अनुवादकाला ठरवावेच लागेल, आणि खरे तर वडीलकी आणि बरोबरी या दोहोंमधील ही संदिग्धताच त्या मासिकाच्या कामी आली.) मात्र या संबोधनाला चेहरा होता तो छायाचित्रांतील मुलींचा, आणि त्या जवळजवळ सर्व गौरवर्णीय व मध्यमवर्गीय होत्या. निवेदनाने जे अध्याहृत ठेवले होते, ते चित्रांनी स्पष्ट केले.

याच मुलीचे दुसरे एक चित्र मासिकाबाहेर रेखाटले जात होते. 1945 मध्ये ‘सेव्हन्टीन’ने बेन्सन अँड बेन्सन या संस्थेकडून वाचक मुलींची पाहणी करून घेतली आणि तिच्या आधारे ‘टीना’ नावाची एक प्रातिनिधिक मुलगी कल्पिली. प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्या एस्टेल एलिस यांनी ही टीना कापड-उत्पादक, दुकानदार आणि जाहिरातदार यांच्यापुढे उभी केली. तिच्याजवळ खर्चायला पैसे आहेत, आईच्या खरेदीवर तिचा प्रभाव आहे, आणि मैत्रिणींपेक्षा वेगळे दिसण्याची तिची इच्छा नाही, असे त्यांना सांगितले जाई. वोल्फगांग इझर यांच्या परिभाषेतील ‘अध्याहृत वाचक’ संहितेत वसत असतो. येथे तसे दोन वाचक दिसतात, आणि त्यांपैकी एक व्यापारी पत्रकात वसत होता.

सिपी पिनेलेस 1947 मध्ये ‘सेव्हन्टीन’च्या कलासंचालक झाल्या, त्या या पार्श्वभूमीवर. व्हिएन्नात 1908 मध्ये जन्मलेल्या पिनेलेस यांनी काँदे नास्त संस्थेत एम. एफ. आघा यांच्या हाताखाली उमेदवारी केली होती. पुढे 1948 मध्ये न्यूयॉर्कच्या आर्ट डायरेक्टर्स क्लबच्या त्या पहिल्या महिला सदस्य झाल्या. कथांची चित्रे व्यावसायिक सजावटकारांकडून न घेता बेन शान यांच्यासारख्या समकालीन चित्रकारांकडून घेण्याचा प्रघात त्यांनी पाडला. चित्रकाराने संपूर्ण कथा वाचावी, कोणता प्रसंग रंगवायचा हे त्यानेच ठरवावे, आणि ते चित्र त्याच्या इतर चित्रांबरोबर कलादालनात टांगता येईल इतक्या तोलाचे असावे, एवढीच त्यांची अट असे. हा निर्णय केवळ सौंदर्यदृष्टीचा मानणे अपुरे ठरेल. प्रसंगाचे भाषांतर करून दाखविणाऱ्या गुळगुळीत चित्राऐवजी कथेचा स्वतंत्र अन्वय लावणारे चित्र समोर आले, की वाचक मुलीला दोन अन्वयांच्या मध्ये उभे राहावे लागते. तिच्या ठिकाणी ही क्षमता आहे असे त्या पृष्ठाने गृहीत धरले होते. टीनाच्या पत्रकात या गृहीतकाला स्थान नव्हते.

तथापि पिनेलेस यांच्या पानांचा गौरव करताना अंकाची उर्वरित रचना विसरून चालणार नाही. ऑगस्ट 1950 च्या अंकात सिल्व्हिया प्लाथ यांची ‘अँड समर विल नॉट कम अगेन’ ही कथा प्रसिद्ध झाली. तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या, म्हणजे मासिकाच्या नावाशी वयाने तंतोतंत जुळणाऱ्या. कथा पृष्ठ 191 वर सुरू होते आणि तिचा उरलेला भाग थेट 275 व 276 या पृष्ठांवर येतो. शाळा-महाविद्यालयांच्या नव्या सत्राच्या तोंडावरचा हा जाडजूड अंक. कथेचा शेवट गाठण्यासाठी वाचक मुलीला ऐंशीहून अधिक पाने उलटावी लागत होती, आणि अंकाला ही जाडी आणणाऱ्या जाहिराती त्या वाटेवर होत्या. दिवाळी अंकांच्या वाचकाला ही वाट अपरिचित नाही. पहिल्या पानावर जिला ‘तुमचे मन’ म्हणून संबोधले, तिलाच मधल्या पानांवर टीना म्हणून हाक मारली जाते. कथेविषयीची उत्सुकता हेच तिला तेथवर नेणारे वाहन आहे. कथनातील खंड हा येथे कथनतंत्राचा भाग नसून व्यवहाराचा आहे. पण वाचनानुभवात तो कथनाचाच भाग होतो.

पिनेलेस यांची चित्रे आणि ही विखुरलेली मांडणी यांत एक अस्सल व दुसरी लादलेली, असा निवाडा करणे मात्र सोपे आणि चुकीचे होईल. चित्रकाराचे मानधन जाहिरातींतूनच उभे राहत होते. आणि वाचक मुलींना गंभीर मानणाऱ्या व्हॅलेंटाइन यांनीच टीनाला बाजारात उभे राहू दिले होते. 1950 मध्ये व्हॅलेंटाइन आणि पिनेलेस या दोघी ‘सेव्हन्टीन’ सोडून नोकरदार स्त्रियांच्या ‘चार्म’ या मासिकाकडे गेल्या.

प्लाथ यांनी 1953 च्या जूनमध्ये ‘मादमोझेल’च्या पाहुण्या संपादक म्हणून काम केले, आणि त्या अनुभवावर ‘द बेल जार’ (1963) या कादंबरीचा पूर्वार्ध आधारला. फुकट मिळालेल्या प्रसाधनांच्या नि कपड्यांच्या गराड्यात गुदमरणारी तेथील नायिका स्त्रियांच्या मासिकांच्या जगावरील टीका म्हणून वारंवार वाचली गेली आहे. 1950 च्या कथेकडे मात्र उमेदवारीच्या काळातील लेखन म्हणूनच पाहिले जाते, आणि तेही पानावरून सोडवून घेऊन. लेखिकेने पुढे जो गराडा शब्दांत मांडला, त्यात तिची पहिली वाचक मुलगी ऐंशी पानांपुरती आधीच उभी होती.