गुन्हा दाखल झाला, पण शिक्षा नाही: फौजदारी प्रकरण कोणकोणत्या मार्गांनी संपू शकतं?

पार्किंगवरून झालेली हाणामारी, शेताच्या बांधावरून भावकीत झालेली मारहाण, न वटलेला धनादेश. अशा प्रकरणांत तक्रार दाखल झाली की पहिली भीती वाटते ती नोकरीची आणि पासपोर्टची. पण एफआयआर म्हणजे गुन्ह्याची पहिली खबर. न्यायालय दोषी ठरवत नाही, तोवर ती व्यक्ती फक्त आरोपी असते. दोषी न ठरता प्रकरण संपवण्याचे मार्गही कायद्यात आहेत.

प्रकरण पोलिसांकडेच थांबू शकतं का?

हो. महाराष्ट्रात पोलीस तपासानंतर न्यायालयात ‘समरी’ अहवाल देऊ शकतात. तक्रार खोटी निघाली तर ‘बी समरी’. ती गैरसमजातून झाली असेल किंवा वाद मुळात दिवाणी असेल तर ‘सी समरी’. हा अहवाल स्वीकारायचा की नाही, हे दंडाधिकारी ठरवतात. त्याआधी फिर्यादीला आपलं म्हणणं मांडता येतं.

आपसांत मिटवता येतं का?

काही गुन्ह्यांत येतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये अशा गुन्ह्यांची यादी आहे. पूर्वी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० मध्ये होती. साध्या दुखापतीचं प्रकरण जखमी व्यक्ती स्वतः मिटवू शकते. फसवणुकीच्या काही प्रकरणांत मात्र न्यायालयाची परवानगी लागते. धनादेश न वटल्याचा खटलाही तडजोडीने मिटतो. अशी प्रकरणं लोकअदालतीतही नेता येतात. कलम ३५९ नुसार झालेल्या तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्ततेसारखाच असतो.

गुन्हा या यादीत नसेल तर?

उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. नव्या संहितेत त्यासाठी कलम ५२८ आहे. ग्यान सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याची चौकट आखली. व्यावसायिक, आर्थिक किंवा कौटुंबिक स्वरूपाच्या वादात तडजोड झाली असेल, तर गुन्हा रद्द होऊ शकतो. खून, बलात्कार, दरोडा असे गुन्हे मात्र दोन्ही बाजू राजी झाल्या तरी रद्द होत नाहीत, कारण त्यांची झळ साऱ्या समाजाला बसते.

‘दंड भरून मोकळं व्हा’ हा सल्ला कितपत बरोबर?

इथेच अनेकांची फसगत होते. तारखांना कंटाळून न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि दंड भरला, तर ती दोषसिद्धीच ठरते, दंड कितीही किरकोळ असो. ‘प्ली बार्गेनिंग’मध्ये शिक्षा कमी होते, पण आरोपी दोषीच ठरतो.

गुन्हेगार परिवीक्षा अधिनियम, १९५८ नुसार न्यायालय समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकतं. त्यात तुरुंगवास टळतो. दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रताही कलम १२ मुळे लागू होत नाही. तरी दोषसिद्धी पुसली जात नाही.

खटला संपला, आता नोकरीच्या अर्जात काय लिहायचं?

अर्जात जे विचारलं असेल, त्याचं खरं उत्तर. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालानुसार अटक, प्रलंबित खटला, निर्दोष मुक्तता किंवा शिक्षा याबद्दल उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. खरी माहिती दिली तरी नोकरी मिळेलच असं नाही. मालक पूर्वेतिहासाचा विचार करू शकतो. पण माहिती दडवली, तर तेच नोकरी जाण्याचं कारण ठरू शकतं.

प्रकरण कोणत्याही मार्गाने संपलं तरी न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित प्रत काढून जपून ठेवावी. चारित्र्य पडताळणीच्या वेळी जुन्या गुन्ह्याचा विषय निघाला, तर तीच कामी येते.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येतं. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेल्यांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कबुलीवर सही करण्याआधी हा सल्ला घेतलेला बरा.